कादंबरीचा प्रारंभ आणि निवेदकाचे स्थान

कादंबरीचा प्रारंभ आकर्षक असावा, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्यातील ‘आकर्षक’ या विशेषणाचा नेमका अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आकर्षण म्हणजे ओढ. आणि ओढ म्हटली की ती कोणाला, कशाकडे आणि कोणाकडून, या तीन गोष्टींचा उलगडा व्हावयास हवा. तंत्रविषयक विवेचनात या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरलेले असते: वाचकाला, घटनेकडे, लेखकाकडून. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथाने मराठीत कथातंत्राच्या चर्चेला जी शिस्त आणली, तिच्या प्रभावाखाली प्रारंभ, गुंतागुंत आणि उत्कर्षबिंदू ही परिभाषा अभ्यासकांच्या अंगवळणी पडली. या परिभाषेचे उपकार मान्य करूनही असे म्हणावे लागते की, तिने प्रारंभाला दाराशी टांगलेल्या तोरणाचे स्वरूप दिले. तोरण पाहून पाहुणा थांबतो, हे खरे. पण घर कोणाचे आहे, हे त्याला तोरणावरून कळत नाही. ते सांगावयास कोणीतरी उंबऱ्याशी उभे असावे लागते. कादंबरीच्या पहिल्या पानावर उंबऱ्याशी जो उभा असतो तो लेखक नव्हे, निवेदक होय. आणि वाचकाला खरी ओढ लागते ती घटनेपेक्षाही त्याच्या उभे राहण्याच्या रीतीची.

प्रारंभाची चर्चा जुनी आहे. ॲरिस्टॉटलने प्रारंभाची व्याख्या करताना, ज्याच्या मागे दुसरे काही अवश्यंभावी नसते पण ज्याच्या पुढे काहीतरी स्वाभाविकपणे घडते तो प्रारंभ, असे सांगितले. होरेसने होमरची प्रशंसा केली ती तो ट्रॉयच्या युद्धाची कथा हेलनच्या जन्माच्या अंड्यापासून सुरू करीत नाही, श्रोत्याला एकदम कथेच्या मध्यात नेतो, यासाठी. ही दोन्ही मते घटनांच्या क्रमाविषयी आहेत. कथा कोठून सुरू करावी, हा त्यांचा प्रश्न. ती कोणी सुरू करावी, हा नव्हे. महाकाव्याच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवतही नव्हता, कारण कवीचा सांगण्याचा अधिकार श्रोत्यांना आधीच मान्य असे.

भारतीय परंपरेत मात्र या दुसऱ्या प्रश्नाला आरंभीच उत्तर देण्याची प्रथा दिसते. दंडीने महाकाव्याच्या मुखाविषयी आशीर्वचन, नमस्कार किंवा वस्तुनिर्देश असे तीन पर्याय दिले. संस्कृत नाटकात नांदीनंतर सूत्रधार रंगभूमीवर येऊन कवीचे व नाटकाचे नाव सांगतो, आणि मगच पात्रांना वाट मोकळी होते. महाभारत तर सांगणाऱ्याच्या आगमनापासूनच सुरू होते. शौनकाचे बारा वर्षांचे सत्र चालू असता उग्रश्रवा सौती नैमिषारण्यात येतो. आपण ही कथा कोठे ऐकली ते तो ऋषींना सांगतो. त्यानंतर युद्धाच्या कथेकडे वळावयास त्याला पुष्कळ अवकाश लागतो. आजच्या तंत्रवाद्याने या प्रारंभाला ‘पाल्हाळ’ म्हणून गुण कापले असते. परंतु कथा ऐकणाऱ्याचा कथेवर विश्वास का बसावा, या प्रश्नाचे ते उत्तर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाल्हाळाचे प्रयोजन कळते.

मराठीत कादंबरी या वाङ्मयप्रकाराला ज्या ग्रंथावरून नाव मिळाले, त्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा प्रारंभ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मंगलश्लोक आणि कविवंशवर्णन संपल्यावर वाचक शूद्रक राजाच्या सभेत येतो. तेथे एक चांडाळकन्या पिंजऱ्यात पोपट घेऊन येते. पुढची कथा हा वैशंपायन नावाचा पोपट सांगतो, आणि त्या कथेचा मोठा भाग त्याने जाबालि ऋषींच्या तोंडून ऐकलेला असतो. म्हणजे सांगणाऱ्याच्या आत सांगणारा. पोपट ऐकलेले बोलतो, ही लोकरूढ समजूतच बाणाने निवेदनाचे अधिष्ठान केली आहे. आपण जिला ‘कादंबरी’ म्हणतो त्या प्रकाराच्या नावातच ‘हे कोण सांगत आहे?’ हा प्रश्न दडला आहे. पण एकोणिसाव्या शतकातील ज्या लेखकांनी बाणाच्या शैलीचे अनुकरण केले, त्यांनी समास घेतले आणि पोपट सोडला.

अर्थात मराठी श्रोत्याला कथा ऐकण्याची सवय बाणाने लावली नव्हती. ती कीर्तनाने आणि पुराणाने लावली होती. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग घेऊन त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. आख्यानाचा नायक कोण, शेवट काय, हे श्रोत्यांना पाठ असते. तरीही ते खिळून बसतात. येथे ‘पुढे काय होणार?’ या जिज्ञासेचे काम उरत नाही. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो, पुराणिक व्यासपीठावर बसलेला असतो. बोलण्याचा अधिकार त्या जागेचा असतो, आणि ती जागा बोलणाऱ्याला परंपरेने दिलेली असते. व्रतांच्या कहाण्यांतील आटपाट नगरही याच प्रकारचे आहे. ते नगर कोठे, असे कोणी विचारीत नाही, कारण कहाणी सांगणारी घरातील वडीलधारी बाई समोरच बसलेली असते.

छापलेल्या पुस्तकाने ही गादी काढून घेतली. कादंबरीचा निवेदक कोठे उभा आहे हे वाचकाला दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याला कोणी बसविले तेही ठाऊक नसते. त्याला आपली गादी स्वतःच, आणि तीही पहिल्या काही पानांत, तयार करावी लागते. मराठी कादंबरीच्या प्रारंभाचा इतिहास हा घटना अधिकाधिक चटकन सुरू करण्याचा इतिहास नाही. निवेदकाने ही जागा कशी मिळविली, याचा तो इतिहास आहे.

बाबा पदमनजी यांच्या १८५७ च्या पुस्तकाचे संपूर्ण नावच या संक्रमणाचा पुरावा आहे. ‘यमुनापर्यटन’ या नावाला जोडून ‘अथवा’ येते आणि मग हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे ‘निरूपण’ असा शब्द येतो. निरूपण हा कीर्तन-प्रवचनातला शब्द. पदमनजी ख्रिस्ती झाले होते आणि त्यांचा उद्देश उघड धर्मप्रचाराचा व सुधारणेचा होता. तथापि सांगण्याचा अधिकार त्यांनी जुन्याच मांडणीतून घेतला. विषय मांडावयाचा, मग दाखल्यामागून दाखला द्यावयाचा. यमुना प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते आणि पुढे स्वतःही विधवा होते. परंतु सांगणारा तिच्या बाहेर, तिच्याहून उंचावर आहे. त्याला गादी आहे, ती उपदेशकाची. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या कृतीपासून जी अद्भुतरम्य कादंबरी फोफावली, तिच्यात उपदेशकाची जागा वर्णनकाराने घेतली. तिच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. नगर, उपवन, नायिका यांची वर्णने प्रथम येतात आणि वर्णन करणाऱ्याला स्वतःचा स्वभाव नसतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीपाशी अभ्यासकाने थांबावयास हवे. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची निवेदकही एक यमुनाच आहे. पदमनजींच्या यमुनेशी हे नामसाम्य हेतुपूर्वक असो वा नसो, दोघींमधील अंतर फार बोलके आहे. १८५७ च्या यमुनेविषयी कोणीतरी सांगतो. १८९० ची यमुना स्वतः सांगते.

या कादंबरीचा प्रारंभ कोठे होतो, याचे खरे उत्तर असे की, तो शीर्षकात होतो. मराठी कादंबऱ्यांना तोपर्यंत नायक-नायिकांची, गडांची, नाहीतर विषयांची नावे असत. येथे नाव म्हणजे एक अर्धवट वाक्य आहे, आणि ते ‘पण’ या अव्ययाने सुरू होते. ‘पण’च्या आधीचे वाक्य कोठे आहे? ते वाचकाने पुरवावयाचे आहे: हे सर्व पुष्कळांनी सांगितले आहे, सर्वांना दिसते आहे, पण... एका अव्ययाने येथे दोन गोष्टी साधल्या आहेत. बोलणारी व्यक्ती आधीपासून बोलत आहे, आणि ऐकणारा आजवर ऐकत नव्हता, हे वाचक पान उलटण्यापूर्वीच जाणतो. होरेसने सांगितलेले कथेच्या मध्यात नेणे ते हेच. मात्र येथे मध्य घटनांचा नसून बोलण्याचा आहे.

इतके झाल्यावर पहिल्या प्रकरणांत घडते काय? तंत्राच्या दृष्टीने फारसे काही नाही. माहेरचे घर, भावंडांचे बोलणे, कडक वडील, सोशिक आई, लहान मुलीच्या नजरेला दिसणारे मोठ्यांचे व्यवहार. खून नाही, रहस्य नाही, योगायोग नाही. ज्या लेखकाची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ (१८८५) इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या वळणाने गेली होती, त्याला चित्तथरारक प्रारंभ करता येत नव्हता असे म्हणता येणार नाही. तो त्याने टाळला. त्याऐवजी त्याने एका आवाजात दोन वये ठेवली. पाहते ती लहान यमू. सांगते ती सर्व सोसून झालेली यमुना. मुलीला जे कळत नाही ते सांगणारीला कळते. आणि सांगणारी ते बहुतेक वेळा बोलून दाखवीत नाही. या दोन वयांमधील फट वाचकाला जाणवू लागते आणि तो तिच्याकडे ओढला जातो. घरातील एखादा साधा प्रसंग वाचताना, ही बाई हे आज का आठवीत आहे, असे मनात येते. त्या ‘का’मध्ये सर्व कादंबरी साठविलेली आहे.

भाषेचाही येथे विचार करावा लागेल. ‘मुक्तामाला’च्या परंपरेतील निवेदकाची भाषा कोणाच्याच घरात बोलली जात नसे. यमूची भाषा पुण्यातील मध्यमवर्गीय घरातल्या बाईची आहे. तिच्यात अडखळणे आहे, विषय सोडून जाणे आहे, परत येणे आहे. जिला आयुष्यात कोणत्याच जागेवरून बोलण्याचा अधिकार नव्हता, अशा व्यक्तीला हरिभाऊंनी निवेदक केले. आणि तिच्या बोलण्याच्या खरेपणालाच तिचा अधिकार बनविले. ही एक पुरुष लेखकाने उभी केलेली रचना आहे, हा आक्षेप योग्य आहे व तो विसरता कामा नये. किंबहुना तो लक्षात ठेवूनच पहिली प्रकरणे वाचावीत: सुधारणेचा वक्ता मधूनच यमूच्या आवाजाआडून डोकावतो, आणि तो डोकावला की त्या ठिकाणी ओढ सैल पडते. पहिल्या प्रकरणांत असे क्षण कमी आहेत. पुढे ते वाढतात.

ही कादंबरी साप्ताहिकातून येत होती, या वस्तुस्थितीकडे प्रारंभाच्या दृष्टीने पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुस्तकरूपाने लिहिणाऱ्या लेखकाला पहिले प्रकरण शेवटी लिहिता येते. क्रमशः लिहिणाऱ्याचे पहिले प्रकरण वाचकांच्या हाती गेलेले असते. मागे वळून ते त्याला बदलता येत नाही. दर आठवड्याच्या शेवटी उत्कंठेची गाठ मारून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय होता व तो पुष्कळांनी केला. यमूच्या आवाजाने हरिभाऊंना वेगळा उपाय दिला. आठवणीतून बोलणारी व्यक्ती कोणतीही गोष्ट पुढे केव्हाही सांगू शकते, ‘ते सांगावयाचे राहिले’ म्हणून मागे जाऊ शकते. क्रमशः प्रसिद्धीची अडचण येथे निवेदकाच्या स्वभावात विरून गेली आहे.

याच्या उलट बाजूस ऐतिहासिक कादंबरीचा ठरीव प्रारंभ उभा आहे. तिन्हीसांजेची वेळ, डोंगरातील वाट, चेहरा झाकलेला स्वार, देवळात उतरलेला अनोळखी बैरागी. इंग्रजीत जी. पी. आर. जेम्स या कादंबरीकाराचे घोडेस्वार इतके प्रसिद्ध झाले होते की थॅकरेने त्यांचे विडंबन लिहिले. या प्रारंभात आकर्षण नसते असे नाही. स्वार कोण, हे जाणण्याची इच्छा होतेच. परंतु त्याचे नाव कळले की ती इच्छा संपते, आणि लेखकाला दुसरा स्वार पाठवावा लागतो.

पहिल्या वाक्याचे जे स्तोम माजविले जाते, त्याचाही येथेच निकाल लावता येईल. टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’चे सुखी-दुःखी कुटुंबांविषयीचे पहिले वाक्य उत्तम प्रारंभाचा नमुना म्हणून जगभर सांगितले जाते. ते वाक्य पुस्तकातून काढून घेतले की त्याचे सुभाषित होते, आणि सुभाषिताला कथेची गरज नसते. त्याला धार येते ती लगेच ऑब्लॉन्स्कींच्या घरातील गोंधळ सुरू झाल्यामुळे, आणि पुढे लेव्हिनचा संसार त्या सामान्य विधानाची सोय ठेवीत नाही म्हणून. सर्वज्ञाच्या आवाजात केलेले विधान कादंबरीच तपासून पाहते. हा आवाज आपल्या विधानावर ठाम आहे, पण पुढचे शेकडो पृष्ठांचे जग ठाम नाही, हा ताण त्या प्रारंभात आहे. मराठीत या वाक्याच्या धर्तीवर जीवनविषयक सूत्राने कादंबरी सुरू करण्याची जी लाट येऊन गेली, तिच्यात सूत्रे पुष्कळ आणि ताण मात्र क्वचितच आढळतो.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीचा प्रारंभ इतका साधा आहे की, त्याला प्रारंभ म्हणून वेगळे काढणेही अवघड जाते. औंध संस्थानात नव्याने नेमला गेलेला एक तरुण शिक्षक भल्या पहाटे, अंधारात, धनगरांच्या एका वाडीकडे पायी चालला आहे. तो चालतो तसे त्याला दिसत जाते आणि दिसते तसे तो सांगत जातो. वाट, रान, उजाडणे, मग वाडी, मग माणसे. सांगण्याची गती ही पायांची गती आहे. तंत्रवाद्याला येथे पकडावयास काही सापडत नाही, आणि तरी वाचक त्या माणसाबरोबर चालू लागतो.

येथेही सांगणारा ‘मी’ आहे, पण यमूच्या ‘मी’हून त्याची जात निराळी. यमू स्वतःविषयी सांगते. हा शिक्षक दुसऱ्यांविषयी सांगण्यासाठी निघाला आहे. वाडीला तो परका आहे, संस्थानाचा नोकर आहे, वयाने लहान आहे. लिहितावाचता येते हे त्याचे एकमेव भांडवल, आणि त्या भांडवलाला वाडीत फारशी किंमत नाही. मुले शाळेत यावयाची तर मेंढरे कोणी राखावयाची, हा तेथला खरा प्रश्न. वाडीत पोहोचल्यावर त्याची चौकशी होते. प्रश्न वाडी विचारते आणि उत्तरे तो देतो. निवेदकानेच पात्रांपुढे आपली ओळख पटवावी, ही घटना मराठी ग्रामीण लेखनात फार महत्त्वाची आहे. त्यापूर्वीच्या पुष्कळ ग्रामीण कथांचा निवेदक शहरातून खेड्याकडे पाहात असे. पात्रांच्या तोंडी बोली आणि त्याच्या तोंडी प्रमाण भाषा, ही विभागणी म्हणजे त्याची गादीच होती. ‘बनगरवाडी’च्या निवेदकाची भाषा प्रमाण मराठीच्या जवळ आहे, परंतु तिला गादीचा तोरा नाही, ती चालून दमलेल्या माणसाची भाषा आहे.

या प्रारंभात जे लपवून ठेवले आहे तेही पाहिले पाहिजे. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो, माणसे आणि जनावरे वाडी सोडून जातात, आणि शिक्षकही निघतो. सांगणाऱ्याला हे सर्व ठाऊक आहे. पहिल्या पानावर चालणारा तरुण ज्या वाडीकडे जातो आहे ती पुढे ओस पडणार, याची एखादी सूचना देण्याचा मोह अन्य लेखकाला आवरता आला नसता. माडगूळकरांनी आपल्या निवेदकाला चालणाऱ्या पायांपलीकडचे काही बोलू दिलेले नाही. हरिभाऊंची यमुना दोन वयांतील फट उघडी ठेवते. माडगूळकरांचा शिक्षक ती बुजवून टाकतो. परिणाम असा की, पहिल्या वाचनात हा प्रारंभ केवळ प्रसन्न वाटतो आणि दुसऱ्या वाचनात तोच असह्य होतो. पहाटेचा तोच अंधार, तीच वाट. बदललेले असते ते वाचकाचे ज्ञान. प्रारंभाच्या आकर्षकतेची परीक्षा पहिल्या वाचनावर करावी की दुसऱ्या, याचा विचार कथातंत्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) निवेदकाच्या या जागेलाच हात घालते. पांडुरंग सांगवीकर आरंभीच आपले नाव सांगतो, वय सांगतो, घराविषयी सांगतो. आत्मचरित्राने पाळावयाचे सर्व शिष्टाचार तो पाळतो. परंतु वय सांगताना तो मध्येच ‘उदाहरणार्थ’ हा शब्द टाकतो. वय ही वस्तुस्थिती आहे. वस्तुस्थितीला उदाहरण कसे असेल? या एका शब्दाने तीन गोष्टी घडतात. सांगणाऱ्याचे आयुष्य हे एक उदाहरण ठरते, म्हणजे त्याचे वेगळेपण जाते. व्याख्यानांतून, पाठ्यपुस्तकांतून येणाऱ्या प्रतिष्ठित भाषेची टर उडविली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा माणूस स्वतःच्या बोलण्यावर पुरता विश्वास ठेवीत नाही, हे वाचकाला कळते. यमुनेला आपले कोणी लक्षात घेत नाही याचे दुःख होते. सांगवीकराला लक्षात घेण्यासारखे आपल्याजवळ आहे की नाही, याचीच शंका आहे. १८९० आणि १९६३ या दोन सालांच्या दरम्यान मराठी समाजात जे काही झाले, त्याचे माप या दोन प्रारंभांतील अंतराने घेता येईल.

‘कोसला’ प्रसिद्ध झाल्यावर तिच्या भाषेच्या लकबींचे अनुकरण झपाट्याने झाले. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ही अव्यये घेऊन लिहिणे सोपे होते. अनुकरणकारांच्या ध्यानात आले नाही ते असे की, प्रारंभी ज्या शब्दाने हसू येते तोच शब्द पुढे धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आल्यावर हसण्याच्या कामाचा राहात नाही. तेथे त्या आवाजाची सर्व उपहासाची साधने निकामी होतात, आणि ती निकामी होताना दिसावीत यासाठीच प्रारंभी त्यांची ओळख करून दिलेली असते. लकब उचलली आणि तिला पुढे कोठे मोडावयाचे आहे हे ठाऊक नसले, म्हणजे प्रारंभ चुरचुरीत होतो आणि कादंबरी तेथेच संपते.

शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या वाचकाला कथा पूर्णपणे माहीत असते. या अर्थी तो कीर्तनाच्या श्रोत्याच्या जागी आहे. प्रारंभी कर्ण मृत्यूनंतर बोलतो आणि मेलेला बोलतो कसा, या वाचकाच्या आश्चर्याची तो स्वतःच दखल घेतो. निवेदकाच्या अधिकाराचा प्रश्न येथे उघडपणे मांडला गेला आहे आणि त्याचे उत्तर, मृत व्यक्तीला आता लपविण्यासारखे काही उरले नाही, या जाणिवेतून मिळते. कल्पना समर्थ आहे, आणि या कादंबरीला जो अफाट वाचकवर्ग लाभला त्यात या प्रारंभाचा वाटा निःसंशय आहे. परंतु या प्रारंभाने दिलेले वचन कादंबरी पुरते पाळीत नाही. कर्णानंतर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे निवेदक येतात. प्रत्येकाने आपली स्वतंत्र जागा घ्यावी, अशी अपेक्षा कर्णाच्या पहिल्या पृष्ठांनी निर्माण केलेली असते. प्रत्यक्षात सर्वजण एकाच उदात्त, उपमाप्रचुर वाणीत बोलतात. राणी, सारथ्याचा मुलगा आणि युवराज यांच्या बोलण्यातून नावे काढून टाकली तर कोण बोलते आहे हे ओळखणे कठीण व्हावे. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी व शर्मिष्ठा असे तीनच निवेदक असल्यामुळे आणि त्यांच्या वृत्ती परस्परविरोधी असल्यामुळे हा दोष कमी जाणवतो, तो तेथे नाही असे नाही. गादी पुन्हा मिळाली, पण तिच्यावर अनेकांना आळीपाळीने बसवून कीर्तनकार एकच राहिला, असे या प्रकाराचे वर्णन करता येईल.

आजच्या वाचकाच्या हाती ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची जी आवृत्ती येते, ती ‘करमणूक’च्या अंकासारखी कोरी नसते. प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर, अभ्यासक्रमातील टिपणे यांतून यमूचे वैधव्य, शंकरमामंजींचा दुष्टपणा, शेवटची विटंबना हे सर्व त्याला आधीच कळलेले असते. ज्या कादंबरीची पहिली प्रकरणे छापली गेली तेव्हा शेवट कोणाही वाचकाला ठाऊक नव्हता, ती आता महाभारतासारखी, शेवट माहीत असलेल्या श्रोत्यांपुढे सुरू होते. घटनेच्या ओढीवर उभा असलेला प्रारंभ अशा स्थितीत निष्प्राण झाला असता. मुक्तामालेच्या परंपरेतील पुष्कळ कादंबऱ्यांचे तेच झाले आहे. यमू अजून वाचली जाते. माहेरच्या ओसरीवरील तिचे भावाशी बोलणे वाचताना तिच्या पुढ्यात काय वाढून ठेवले आहे हे वाचकाला तिच्याइतकेच, म्हणजे सांगणाऱ्या यमुनेइतकेच, ठाऊक असते. आणि न कळणारी एकटी ती लहान मुलगीच उरते.